लंडनची बस, लीड्सची बुस

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनातून सुटलेली गाडी सव्वादोन तासांच्या आसपास लीड्सला पोचते. मुंबईहून पुण्याला जायला सहसा याहून जास्त वेळ लागतो. तेवढ्या अवधीत ‘बाथ’चा ‘बॅथ’ झालेला असतो, ‘ग्लास’चा ‘ग्लॅस’ झालेला असतो आणि स्टेशनाबाहेर उभी असलेली ‘बस’ ‘बुस’ झालेली असते. कपाला ‘कुप’, मनीला ‘मुनी’, लव्हला ‘लुव्ह’. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचाही फरक नाही. शाळेतली पुस्तकं तीच आणि टीव्हीवरच्या बातम्याही त्याच. तरी लीड्सचा माणूस ‘लक’ म्हणजे नशीब आणि ‘लुक’ म्हणजे बघणं, दोन्ही एकाच ‘उ’नं म्हणतो आणि त्याच्या गावात कोणाचाही घोटाळा होत नाही.

(उत्तरेचा हा ‘ॅ’ आपल्या ‘बॅट’मधल्याइतका पसरट नसतो, आखूड ‘आ’कडे झुकलेला असतो. पण आपल्या लिपीत त्याला सगळ्यात जवळचं चिन्ह हेच, तेव्हा या प्रकरणापुरतं त्यावर भागवून घेऊ.)

इंग्लंडच्या नकाशावर पश्चिमेला सेव्हर्न नदीच्या मुखापासून पूर्वेला ‘द वॉश’ नावाच्या आखातापर्यंत एक तिरकी रेघ ओढली, तर ढोबळमानानं तिच्या खाली ‘बाथ’ आणि वर ‘बॅथ’. ‘बस’ आणि ‘बुस’ यांची सीमाही साधारण त्याच वाटेनं जाते, फक्त मधल्या भागात थोडी वर-खाली होते. बर्मिंगहॅम रेघेच्या वरच्या अंगाला येतं आणि तिथली जुनी माणसं त्या शब्दाचा शेवटही बदलून ‘बुझ’ म्हणतात.

आता मराठी माणूस या रेघेच्या कुठल्या बाजूला उभा आहे ते बघा. आपण फास्ट लोकल पकडतो, बाथरूममध्ये जातो, ग्लासात पाणी ओततो, क्लासला जातो, परीक्षेत पास होतो. हे सगळे ‘आ’ दक्षिण इंग्लंडचे आहेत. लीड्सच्या माणसाच्या तोंडी फॅस्ट, बॅथरूम, ग्लॅस, क्लॅस, पॅस. बस, कप, लंच, ब्रश, पंप यांतला आपला ‘अ’सुद्धा दक्षिणेचाच. आणि गंमत अशी की त्या दक्षिणी उच्चारांतला विक्षिप्तपणाही आपण जसाच्या तसा उचलला आहे. लंडनमध्ये ‘ग्लास’ लांब, पण ‘गॅस’ आखूड. आपल्याकडेही ओट्यावर ग्लास असतो आणि शेजारी गॅस असतो, गास नसतो. असं का, याचं उत्तर नियमात सापडत नाही. फ, थ, स यांच्या आधी येणारा हा स्वर दक्षिणेत सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लांबायला लागला. पण तो एका फटक्यात सगळीकडे लांबला नाही. एकेका शब्दानं पुढे सरकला आणि मध्येच थांबला. जे शब्द तोवर सापडले ते लांब, सुटले ते आखूड. अमेरिकेत एकंदरीत हा बदल मूळ धरू शकला नाही. त्यामुळे तिथल्या बऱ्याच भागांत मुंगी आणि मावशी यांचे इंग्रजी शब्द एकाच उच्चारात येतात, दोन्ही ‘ॲण्ट’. आपली ‘आंटी’ त्या घोटाळ्यातून वाचली.

एवढ्यावरून आपलं इंग्रजी लंडनचं आहे असं मात्र कोणी समजू नये. ‘केक’ म्हणा. ‘बोट’ म्हणा, पाण्यातली. आपला ‘ए’ आणि आपला ‘ओ’ सरळ, एकसुरी असतात. लंडनकर तिथे जीभ घसरवतो, ‘केइक’, ‘बअउट’ असं काहीतरी म्हणतो. सरळ ‘केऽक’ आणि ‘बोऽट’ ऐकायचं असेल तर यॉर्कशरला, नाहीतर स्कॉटलंडला जावं लागतं. म्हणजे ग्लास लंडनचा आणि केक लीड्सचा. हे आपण लीड्सकडून शिकलो, असा याचा अर्थ नाही. मराठीत ‘ए’ आणि ‘ओ’ तयार होते, तेच कामाला लावले. ‘ॅ’ आणि ‘ॉ’ नव्हते, म्हणून लिपीत त्यांच्यासाठी चंद्र आणले.

मग लंडन आणि लीड्स यांच्यात बिघडलं कोण? दक्षिणेतल्या सुशिक्षितांनी दोनेकशे वर्षं उत्तरेच्या ‘बुस’ला गावंढळ ठरवलं. इतिहास नेमका उलटा आहे. ‘कप’, ‘लव्ह’, ‘सन’ या शब्दांत पूर्वी सगळ्या इंग्लंडात ‘उ’च होता. सतराव्या शतकात दक्षिणेत त्या ‘उ’चे दोन भाग झाले. ‘पुट’, ‘पुल’ यांत तो टिकला आणि ‘कप’, ‘लव्ह’, ‘बट’ यांत त्याचा ‘अ’ झाला. उत्तरेनं या फाटाफुटीत भागच घेतला नाही. शेक्सपिअर १६१६ साली वारला. त्याच्या कानाला लीड्सचा ‘कुप’ ओळखीचा वाटला असता आणि बीबीसीचा ‘कप’ ऐकून तो बुचकळ्यात पडला असता. लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात २००४ साली ‘रोमिओ अँड ज्युलिएट’चे काही प्रयोग मुद्दाम त्या काळच्या उच्चारांत केले गेले. भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड क्रिस्टल यांनी नटांना उच्चार बसवून दिले होते. आजच्या उच्चारात शेक्सपिअरच्या कवितेची यमकं जिथे फसतात, तिथे जुन्या उच्चारात ती बरीचशी चपखल बसतात.

यापेक्षा जुनी आणि मोठी उलथापालथ साधारण १४०० ते १७०० या काळात झाली. इंग्रजीतले सगळे दीर्घ स्वर आपापली जागा सोडून सरकले. घराला तोवर ‘हूस’ म्हणत, त्याचा ‘हाउस’ झाला. नावाचा इंग्रजी शब्द ‘नाम’च्या जवळपास उच्चारला जात असे, तो ‘नेम’ झाला. नेमका याच गदारोळात, १४७६ साली, विल्यम कॅक्स्टननं वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. छपाईनं स्पेलिंग हळूहळू पक्कं होत गेलं आणि उच्चार पुढे निघून गेले. आपल्या पोरांना स्पेलिंग पाठ करताना जो छळ होतो, त्याचा बराचसा भाग या तीनशे वर्षांचा आहे. न्यूकॅसलच्या आणि स्कॉटलंडच्या जुन्या बोलीत घर अजूनही ‘हूस’ आहे आणि गाव अजूनही ‘टून’ आहे. न्यूकॅसलच्या फुटबॉल संघाला सारं शहर ‘द टून’ म्हणतं.

न्यूकॅसलवाल्यांचा एक जुना विनोद इंग्लंडभर सांगतात. तिथल्या ठेठ बोलीत चालणं म्हणजे ‘वाऽक’ आणि काम म्हणजे जवळपास ‘वॉऽक’. गुडघा दुखावलेला एक खाणकामगार दक्षिणेतून आलेल्या डॉक्टरकडे जातो. डॉक्टर पट्टी बांधून विचारतात, ‘‘आता वॉक करता येईल ना?’’ तो भडकतो. ‘‘वॉक? अहो, मला अजून वाऽकसुद्धा करता येत नाही!’’

पण रेघ तिथेच का, दहा कोस इकडे किंवा तिकडे का नाही? बहुतेक ठिकाणी याचं एक उत्तर देता येत नाही. पूर्वेच्या टोकाला मात्र कारण डोळ्यांना दिसतं. ‘फेन्स’ नावाचा तिथला सपाट प्रदेश सतराव्या शतकापर्यंत दलदलीचा होता. मग डच अभियंता कॉर्नेलियस व्हर्मायडन याच्या देखरेखीखाली मोठमोठे चर खणून पाणी काढायला सुरुवात झाली. तोवर दलदलीच्या दोन काठांवरच्या गावांचा एकमेकांशी फारसा संबंधच येत नव्हता. पूर्वेकडची गावं एका बाजाराला जात, पश्चिमेकडची दुसऱ्या. जमीन कोरडी झाली, मधे वस्ती झाली आणि त्या वस्तीत ‘बस’ही नाही आणि ‘बुस’ही नाही असा एक अधलामधला स्वर तयार झाला. भाषाशास्त्रज्ञांना हा टापू फार प्रिय आहे. स्वाभाविकच आहे, दलदल आटल्यावर स्वर कसा बदलतो हे रोज कुठे पाहायला मिळतं!

हे सगळं कळलं कसं, तर चिकाटीनं. लीड्स विद्यापीठातले हॅरल्ड ऑर्टन आणि झुरिकचे ऑइगन डीथ यांनी इंग्लंडभरच्या बोलींची पाहणी आखली. १९५० ते १९६१ या काळात त्यांची माणसं ३१३ गावांत फिरली. प्रश्नावलीत १३००हून अधिक प्रश्न. माहिती देणारे बहुतेक वयस्क पुरुष, शेतावर राबलेले, गाव सोडून फारसे कुठे न गेलेले. त्यांचे दात, तोंड आणि कान धड असावेत अशी अट होती आणि ती हसण्यासारखी नाही. बोळक्या तोंडातून आलेल्या ‘थ’वरून निष्कर्ष काढायचे कसे? प्रश्न विचारायची रीतही बेतलेली होती. विचारणाऱ्यानं तो शब्द स्वतः उच्चारायचा नाही. गाईकडे बोट दाखवून ‘याला तुम्ही काय म्हणता’ असं विचारायचं, किंवा वर्णन करून म्हाताऱ्याच्या तोंडून शब्द काढून घ्यायचा. शहरी माणसाच्या तोंडून शब्द आधी ऐकला की गावकरी सभ्यपणानं त्याच्यासारखंच बोलायला लागतो. आपल्याकडे बोलींचं काम करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. पुण्याहून कोणी आलं की कोकणातली आजीही क्षणभर छापील बोलू पाहते. या पाहणीसाठी गावोगाव हिंडणाऱ्यांत स्टॅन्ली एलिस नावाचा एक तरुण होता. त्याचं नाव लक्षात ठेवा, पुढे त्याच्याशी गाठ पडायची आहे.

काही शब्द मात्र रेघेबिघेला जुमानत नाहीत. चहाबरोबर मुरंबा आणि घट्ट साय लावून खायचा एक छोटा गोडसर पाव असतो. त्याला ‘स्कॉन’ म्हणायचं की ‘स्कोन’, यावरून इंग्रज कुटुंबांत जेवणाच्या टेबलावर वाद होतात. स्कॉटलंडात आणि उत्तर इंग्लंडात ‘स्कॉन’चंच राज्य आहे. मिडलंड्समध्ये आणि आयर्लंडच्या दक्षिणेत ‘स्कोन’ जास्त. लंडनच्या आसपास दोन्ही, आणि प्रत्येकाला दुसरा उच्चार एकतर खेडवळ वाटतो नाहीतर शिष्ट. कोणाचा कुठला, यावर तिथे एकमत नाही, हे फार छान आहे. स्कॉटलंडात त्याच स्पेलिंगचं एक गाव आहे. स्कॉटलंडच्या राजांचा राज्याभिषेक ज्या शिळेवर होई ती शिळा त्या गावच्या नावानं ओळखली जाते, आणि त्या गावाचा उच्चार ‘स्कून’.

ब्रिस्टलच्या जुन्या बोलीत शब्दाच्या शेवटच्या ‘अ’ला एक ‘ल’ चिकटतो. एरियाचा ‘एरियल’, आयडियाचा ‘आयडियल’. एका ब्रिस्टलकराला तीन मुली होत्या, इव्हा, आयडा आणि नॉर्मा. तो त्यांना हाक मारायचा तेव्हा शेजाऱ्यांना ऐकू यायचं, ईव्हिल, आयडल आणि नॉर्मल! विनोद बेतलेला आहे, पण शहराचं नाव बेतलेलं नाही. ‘ब्रिस्टल’ हे नाव पूर्वी ‘ब्रिस्टो’ असं होतं. आता सगळं जग ते लकारासह म्हणतं.

पाण्यासाठीचा ‘वॉटर’ हा शब्द तर गावागणिक बदलतो. लंडनच्या कामगार वस्तीत त्यातला ‘ट’ ऐकूच येत नाही. त्याच्या जागी घसा क्षणभर बंद होतो. मराठीत नकार देताना आपण तोंड मिटून ‘अंहं’ म्हणतो, तेव्हा मधे घशात जो आचका बसतो तो थेट तोच. त्या आचक्यानं ‘वॉटर’चं ‘वॉ-अ’ होतं आणि ‘बटर’चं ‘ब-अ’. ग्लासगोतही हा आचका जोरात आहे. अमेरिकन माणूस त्या ‘ट’ला जिभेच्या एका टिचकीत संपवतो, ऐकणाऱ्याला ‘वॉडर’सारखं वाटतं. लिव्हरपूलला गेलात तर दुसरीच तऱ्हा. तिथे ‘बॅक’, ‘बुक’ अशा शब्दांच्या शेवटचा ‘क’ उर्दू ‘खबर’मधल्या घासलेल्या ‘ख’सारखा येतो. १८४०च्या दशकातल्या दुष्काळात आयर्लंडमधून माणसांचे लोंढे या बंदरात उतरले. आजूबाजूच्या लँकशरपेक्षा लिव्हरपूलची बोली इतकी वेगळी का, याचं उत्तर देताना त्यांचं नाव पहिलं घेतलं जातं.

आयर्लंडचा विषय निघालाच आहे तर मराठी कानाची एक बढाई मारून घेतो. आयरिश माणसं ‘थ’चा ‘ट’ करतात, ‘थ्री’ला ‘ट्री’ म्हणतात, अशी इंग्रजांची पूर्वापार टिंगल आहे. पण डब्लिनच्या बऱ्याच बोलणाऱ्यांचा तो आवाज ‘ट’ नसतोच. जीभ दातांना लागलेली असते. तो आपला ‘त’ आहे. बारीक म्हणजे ‘तिन’ आणि डबा म्हणजे ‘टिन’, असा फरक तो माणूस चोख करत असतो. इंग्रजाच्या कानाला त आणि ट वेगळे ऐकण्याची सवयच नाही, म्हणून त्याला दोन्ही सारखे वाटतात. बालवाडीत बाराखडी घोकलेल्या मराठी पोराला तो फरक पहिल्या झटक्यात कळेल. शिवाय आयरिश माणूस ‘फिल्म’ला ‘फिलम’ म्हणतो. मग आपल्या ‘फिलम’वाल्यांना हसायचं कारण काय?

त्याच बेटाच्या उत्तर भागात एका अक्षराचा उच्चार जिवावर बेतू शकत असे. ‘एच’ हे अक्षर प्रोटेस्टंट घरांत ‘एच’ आणि कॅथलिक घरांत ‘हेच’. नॉर्दर्न आयर्लंडमध्ये यादवी पेटलेली असताना अनोळखी माणसाचा पंथ ओळखायला हे एक अक्षर पुरे पडे, असं तिथले लोक सांगतात. इंग्लंडमध्ये ‘ह’नं जीव घेतले नाहीत, पण अब्रू बरीच घेतली. लंडन, यॉर्कशर, लँकशर, बहुतेक सगळीकडे कष्टकरी माणूस ‘हाउस’ला ‘आउस’ म्हणतो. एकोणिसाव्या शतकात हा गिळलेला ‘ह’ अडाणीपणाची खूण ठरला. १८५४ साली ‘पुअर लेटर एच’ नावाची एक पुस्तिका निघाली. उपेक्षित ‘ह’ची कैफियत मांडणारी. मराठीत ‘पाणी’ आणि ‘पानी’ यांच्यामध्ये जी अदृश्य भिंत उभी केलेली असते, तेच काम तिकडे ‘ह’नं केलं. आणि भिंतीच्या कुठल्या बाजूला कोण, हे उच्चारापेक्षा जन्मानं आधीच ठरलेलं असे.

पण सगळ्यात जास्त राजकारण खेळलं गेलं ते ‘र’वरून. लंडनच्या सुशिक्षिताच्या ‘कार’मध्ये ‘र’ नसतो. ‘काऽ’ म्हणून तो मोकळा होतो. ‘डॉक्टर’चं ‘डॉक्टऽ’, ‘फोर्थ फ्लोअर’चं ‘फॉथ फ्लॉऽ’. शेक्सपिअरच्या काळी हा ‘र’ होता, पुढेही बराच काळ होता. अठराव्या शतकात लंडनच्या आसपास तो मऊ पडत गेला. जॉन वॉकर यांनी १७९१ साली उच्चारांचा मोठा कोश छापला. लंडनमध्ये ‘र’ इतका हळू उच्चारतात की कधीकधी तो पार बुडून जातो, याची नोंद त्यांनी तेव्हाच केली आहे. स्कॉटलंड आणि आयर्लंड यांनी ‘र’ सोडला नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डॉर्सेट-डेव्हन-कॉर्नवॉलकडच्या शेतकऱ्यांनीही नाही. अमेरिकेत जाऊन वसलेल्यांची पहिली जहाजं ‘र’ बुडण्याच्या आधीच निघाली होती, म्हणून तिकडे तो खणखणीत राहिला. सिनेमातले समुद्री चाचे ‘आर्र’ करत बोलतात, त्याचं मूळही इथेच. १९५०च्या ‘ट्रेझर आयलंड’ या चित्रपटात लाँग जॉन सिल्व्हरची भूमिका रॉबर्ट न्यूटननं केली. तो डॉर्सेटचा. त्यानं आपल्या मुलखाचा ‘र’ मोकळा सोडला आणि तेव्हापासून जगभरचे चाचे डॉर्सेटचे झाले.

‘र’ सोडणाऱ्यांची आणखी एक खोड आहे. जिथे लिहिला आहे तिथे ते म्हणत नाहीत, आणि जिथे नाही तिथे घुसवतात. ‘लॉ अँड ऑर्डर’ लंडनकराच्या तोंडी ‘लॉर अँड ऑडऽ’ होतं. ऑर्डरमधला हक्काचा ‘र’ गेला आणि लॉला फुकटचा मिळाला. दोन स्वर एकमेकांवर आदळू नयेत म्हणून जीभ ही सोय करते. स्पेलिंगकडे बघून तक्रार करणाऱ्यांना ती सोय दोनशेहून अधिक वर्षांत बंद करता आलेली नाही.

अमेरिकेतही पूर्व किनाऱ्यावरच्या काही शहरांनी लंडनची फॅशन म्हणून ‘र’ टाकला होता. न्यूयॉर्क त्यांतलंच. विसाव्या शतकाच्या मध्याला तिथे वारं फिरलं आणि ‘र’ पुन्हा प्रतिष्ठित झाला. हे सिद्ध कसं करायचं? विल्यम लबोव्ह या संशोधकानं १९६२ साली एक साधी युक्ती केली. तो तीन दुकानांत गेला. सॅक्स हे श्रीमंतांचं, मेसीज मध्यमवर्गाचं, एस. क्लाइन गरिबांचं. चौथ्या मजल्यावर मिळणारी एखादी वस्तू कुठे आहे असं तो विक्रेत्याला विचारी. उत्तर ठरलेलं, ‘फोर्थ फ्लोअर’. मग ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा विचारी, म्हणजे समोरचा जरा जपून, ठासून तेच शब्द म्हणे. दोन्ही उत्तरं मिळून ‘र’च्या चार संधी. कोपऱ्यात जाऊन तो टिपण करी. सॅक्समध्ये दहातल्या सहांच्या बोलण्यात कुठेतरी ‘र’ आला, क्लाइनमध्ये दहातल्या दोघांच्या. विक्रेते स्वतः काही श्रीमंत नव्हते. गिऱ्हाइकाच्या उच्चारांची सावली त्यांच्या जिभेवर पडली होती. एकच ‘र’. लंडनमध्ये तो उच्चारला की माणूस शेतकरी ठरतो, न्यूयॉर्कमध्ये नाही उच्चारला की कमी पगाराचा.

आपण मराठी माणसं डॉक्टरचा ‘र’ वाजवतो, कारचा वाजवतो, नंबरचाही. मुंबई इलाख्यात स्कॉटिश मंडळी पुष्कळ होती. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉटिश, विल्सन कॉलेज ज्यांच्या नावानं आहे ते जॉन विल्सन स्कॉटिश. आपला ‘र’ त्यांच्याकडून आला असं म्हणायचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. डोळ्यांना दिसेल ते अक्षर म्हणायचं, ही आपली देवनागरीची शिस्त आहे. तीच आपण रोमन लिपीला लावली.

इंग्लंडमध्ये या सगळ्यांवर जो उच्चार बसवला गेला, त्याला स्वतःचं गावच नाही. डॅनियल जोन्स यांनी १९१७ साली इंग्रजी उच्चारकोश काढला. त्यात वर्णन केलेला उच्चार महागड्या निवासी शाळांत शिकलेल्या दक्षिणी घरांचा होता. पुढे त्याला ‘रिसिव्ह्ड प्रोनन्सिएशन’ हे नाव रुळलं. मुलगा डेव्हनचा असो की यॉर्कशरचा, त्या वसतिगृहांतून बाहेर पडताना एकसारखा बोले. म्हणजे हा उच्चार पत्ता सांगत नसे, बापाची ऐपत सांगे. तो बोलणारे ब्रिटनमध्ये जेमतेम तीन टक्के असावेत, असा भाषाशास्त्रज्ञ पीटर ट्रडगिल यांचा १९७०च्या दशकातला अंदाज. बीबीसीनं १९२६ साली निवेदकांच्या उच्चारांसाठी सल्लागार समिती नेमली. तिच्यात जोन्स होते आणि जॉर्ज बर्नार्ड शॉही होते, तेच ‘पिग्मॅलियन’वाले. पुलंनी त्या नाटकावरून ‘ती फुलराणी’ लिहिलं आणि १९७५ साली ते रंगभूमीवर आलं. तेव्हा लंडनचे उच्चार घेऊन चालणारच नव्हतं. मराठी प्रेक्षकाच्या कानाला कुठे टोचतं, ते नव्यानं शोधावं लागलं.

महायुद्धात, १९४१ साली, बीबीसीनं विल्फ्रेड पिकल्स या हॅलिफॅक्सच्या माणसाला राष्ट्रीय बातम्या वाचायला बसवलं. यॉर्कशरच्या उच्चारांची नक्कल जर्मनांना जमणार नाही, हा त्यामागचा एक हिशेब सांगतात. बातम्यांच्या शेवटी त्यानं उत्तरेच्या लोकांना ‘गुड नीट’ म्हटलं आणि पत्रांचा पाऊस पडला. गावाकडच्या आवाजात युद्धाच्या बातम्या ऐकणं कित्येकांना झेपलं नाही. उच्चभ्रू उच्चार तरी जागच्या जागी राहिला का? ऑस्ट्रेलियातल्या जोनाथन हॅरिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राणी एलिझाबेथच्या नाताळच्या भाषणांची ध्वनिमुद्रणं मोजली. १९५०च्या दशकात राणीचा ‘हॅड’ बराचसा ‘हेड’सारखा येई, १९८०च्या दशकात तो सर्वसामान्य दक्षिणी उच्चाराकडे सरकला होता. २००० साली हा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये आला. प्रजा राणीसारखं बोलायला शिकली की नाही ठाऊक नाही. राणी मात्र प्रजेकडे थोडी सरकली.

आता स्टॅन्ली एलिसकडे येऊ. यॉर्कशरमध्ये १९७५पासून एक खुनी बायकांचे बळी घेत होता. जून १९७९मध्ये तपासाचे प्रमुख जॉर्ज ओल्डफील्ड यांच्या नावे एक ध्वनिफीत आली. खुनी मीच, असं सांगत एक माणूस संथपणे पोलिसांची टर उडवत होता. बोली उघडच ईशान्येची होती. पण ईशान्येत कुठली? न्यूकॅसल आणि संडरलंड यांच्यात वीसेक किलोमीटरचं अंतर, बाहेरच्याला दोन्हीकडचं बोलणं सारखंच. तिथल्याला नाही. न्यूकॅसलवाला ‘ह’ राखतो, संडरलंडकडे तो गळतो. असे बारकावे कित्येक. एलिस तोवर लीड्स विद्यापीठात नावाजलेले अभ्यासक झाले होते. त्यांनी फीत ऐकून बोट ठेवलं ते संडरलंडच्या कडेला असलेल्या कॅसलटाउन या वस्तीवर.

पोलिसांनी तो आवाज रेडिओवरून, टेलिफोनवरून लोकांना ऐकवला आणि त्या बोलीचा माणूस शोधायला सुरुवात केली. ज्या संशयितांची बोली ईशान्येची नव्हती, ते यादीत मागे पडले. एलिस आणि त्यांचे सहकारी जॅक विंडसर लुइस यांनी पोलिसांना बजावलं, की फीत बनावट असू शकते. आवाज कुठला हे आम्ही सांगू शकतो, तो खुन्याचा आहे की नाही हे नाही. ते ऐकलं गेलं नाही. फीत आल्यानंतर आणखी तीन खून झाले. जानेवारी १९८१मध्ये शेफील्डला एक माणूस दुसऱ्याच कारणावरून पकडला गेला. तो पीटर सटक्लिफ, ब्रॅडफर्डचा, अस्सल यॉर्कशरी बोलणारा. पोलिसांनी त्याला त्याआधी नऊ वेळा प्रश्न विचारून सोडलं होतं.

फितीवरचा आवाज कोणाचा, हे कळायला आणखी चोवीस वर्षं गेली. त्यानंच पोलिसांना पाठवलेल्या एका पत्राच्या पाकिटाला लावलेल्या थुंकीतल्या डीएनएवरून २००५ साली जॉन हम्बल नावाच्या माणसाला अटक झाली आणि २००६मध्ये त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. तो संडरलंडचाच निघाला. कॅसलटाउनपासून नदी ओलांडली की थोड्याच अंतरावर लागणाऱ्या फोर्ड इस्टेट या वसाहतीतला.